रोजच्या जगण्यात ख्रिस्ती म्हणून कसं राहायचं, कसं सांगायचं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या नगरला तरुणांचा बायबल अभ्यास चालतो, तिथे आणि नंतर फोनवर मला तेच तेच प्रश्न येत राहतात. पुण्याला नोकरीला गेलेली पोरं विचारतात, लग्न होऊन मुंबईला गेलेल्या मुली विचारतात, कधी त्यांचे आईवडील विचारतात. म्हणून एकदाच नीट लिहून काढले. मी पाळक नाही, शाळेत शिकवायचे, त्यामुळे बाप्तिस्मा, लग्न, चर्चची शिस्त असल्या बाबतीत तुमच्या पाळकसाहेबांना किंवा फादरना विचाराच. प्रश्न तुम्ही पाठवले तसेच ठेवलेत.

ताई, साक्ष द्यायची म्हणजे नक्की काय करायचं? मला रस्त्यावर उभं राहून बोलायला नाही जमणार.

नका बोलू, सगळ्यांना ते दान नसतं. साक्ष हा शब्द कोर्टातला आहे ना, साक्षीदाराचं काम एवढंच की आपण जे पाहिलं, आपल्या बाबतीत जे घडलं ते खरंखरं सांगायचं, वकिली करायची नाही आणि निकाल तर मुळीच द्यायचा नाही. योहानाच्या ९व्या अध्यायात जन्मापासून आंधळा असलेला माणूस आहे, त्याला मोठमोठे शास्त्री उलटसुलट विचारतात, येशू पापी आहे की नाही सांग म्हणतात, तर तो म्हणतो ते मला ठाऊक नाही, मला एवढंच कळतं की आधी मला दिसत नव्हतं आणि आता दिसतंय. बस, एवढीच साक्ष. आणि ती ऐकायला कोणी तयार व्हायचं असेल तर आधी तुमचं वागणं त्यांच्या डोळ्यासमोरून गेलेलं असलं पाहिजे, नाहीतर शब्दांना वजन राहत नाही.

मला बायबलमधलं फार काही येत नाही. कोणी उलट प्रश्न विचारला तर काय करू?

"मला माहीत नाही, विचारून सांगते" असं म्हणा आणि खरंच विचारून सांगा. त्रैक्य (पिता, पुत्र, पवित्र आत्मा मिळून एकच देव), दुःख का येतं, बाकीच्या धर्मांचं काय, हे प्रश्न मोठ्या मोठ्यांना सुटले नाहीत, तुम्हाला लोकलमध्ये उभ्या उभ्या कुठून सुटणार. पेत्राच्या पहिल्या पत्रात (३:१५) तुमच्या आशेबद्दल विचारणाऱ्याला उत्तर द्यायला तयार राहा असं सांगितलंय, पण त्याच वाक्यात ते सौम्यपणे आणि आदरानं द्या हेही आहे, आणि आपली लोकं पहिलं अर्धं वाक्य पाठ करतात. शिवाय तिथे "विचारणाऱ्याला" म्हटलंय हेही बघा.

ऑफिसमध्ये कोणाला माहीतच नाही मी ख्रिश्चन आहे. मुद्दाम सांगायचं का?

आपल्याकडे हा प्रश्न येतोच, कारण आपली आडनावं गायकवाड, साळवे, पवार, शिंदे, घरात मराठी, जेवण भाकरी-पिठलं, मग डिसेंबर उजाडला की समोरचा म्हणतो, "अगं तू ख्रिश्चन? वाटत नाहीस." ह्या वाक्याचा राग धरू नका, त्याच्या डोक्यात ख्रिश्चन म्हणजे सिनेमात दिसणारा माणूस असतो. मुद्दाम जाहीर करायची गरज नाही पण लपवायचंही नाही. रविवारी काय केलंस विचारलं तर "उपासनेला गेले होते" हे तितक्याच सहज सांगा जितक्या सहज दुसरी सांगते की शिर्डीला जाऊन आले. जी माणसं वर्षानुवर्षं लपवतात त्यांची नंतर फार ओढाताण होते, कारण मग एक दिवस सांगायचं म्हणजे इतके दिवस का नाही सांगितलंस हेही सांगावं लागतं.

डबा खायच्या आधी सगळ्यांसमोर प्रार्थना करावी का?

करा, पण छोटी. डोळे मिटले, आभार मानले, उघडले. मत्तयाच्या ६व्या अध्यायात लोकांना दिसावं म्हणून चौकात उभं राहून प्रार्थना करणाऱ्यांबद्दल प्रभू काय बोललाय ते वाचा. समोरच्यांचे घास हातात थांबून राहतील एवढी लांबवू नका.

गणपतीत शेजारी प्रसाद देतात, आरतीला बोलावतात. काय करायचं? खूप गिल्टी वाटतं दोन्ही बाजूंनी.

सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न हाच, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

प्रेषित पौलाला करिंथमधल्या मंडळीकडून अगदी हाच प्रश्न आला होता, मूर्तीला दाखवलेलं अन्न खायचं की नाही. पहिल्या करिंथकरात, म्हणजे त्यानं तिथल्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रात, ८ आणि १० हे दोन अध्याय त्याच्यावर आहेत. थोडक्यात तो म्हणतो की मूर्ती म्हणजे काही नाही, अन्नानं कोणी देवाच्या जवळही जात नाही आणि लांबही जात नाही, कोणी जेवायला बोलावलं तर चौकशा न करता वाढलेलं खा, पण हे देवाला दाखवलेलं आहे असं कोणी तुम्हाला सांगितलं तर त्याच्या मनाचा विचार करून खाऊ नका. आणि पूजेतच सहभागी होणं त्याला मान्य नाही. म्हणजे घरी जाणं, जेवणं, आनंदात सामील होणं एकीकडे आणि उपासना करणं एकीकडे, अशी रेघ त्यानं ओढलीय.

आता ह्याच्यावरून आपल्यातच दोन मतं आहेत. काही जण प्रसाद शेजाऱ्याचं प्रेम म्हणून घेऊन खातात, काही जण अजिबात खात नाहीत. त्याच्याच रोमकरांना लिहिलेल्या पत्राचा १४वा अध्याय म्हणतो की खाणाऱ्यानं न खाणाऱ्याला कमी लेखू नये आणि न खाणाऱ्यानं खाणाऱ्याचा न्याय करू नये. मी खात नाही. पण एक गोष्ट मला कोणत्याच बाजूनं पटत नाही, ती म्हणजे समोर हसून घ्यायचा आणि जिन्यात जाऊन टाकून द्यायचा. हे खोटं आहे आणि अन्नाचा आणि माणसाचाही अपमान आहे.

आमच्या समोरच्या काकूंना मी लग्न होऊन आले त्याच वर्षी सांगून टाकलं, "काकू, देवापुढे ठेवलेलं मी खात नाही, राग मानू नका, पण तुमच्या हातचे मोदक मला पाहिजेतच." त्या क्षणभर गप्प झाल्या, मला वाटलं संपलं आता. दुसऱ्या दिवशी दुपारी दार वाजलं. नैवेद्याच्या आधी बाजूला काढून ठेवणं त्यांच्यात चालत नाही, म्हणून त्यांनी माझ्यासाठी परत वेगळी उकड काढली होती, सात मोदक, केळीच्या पानाच्या तुकड्यावर, वर तुपाची वाटी. तेव्हापासून दरवर्षी असंच. आणि नाताळात मी त्यांच्याकडे करंज्या, चकल्या आणि बिनअंड्याचा केक पाठवते, केकचं भांडंसुद्धा वेगळं ठेवलंय कारण त्यांना अंडं चालत नाही. खरं सांगायचं तर साक्ष कोणी कोणाला दिली असं मी कधी कधी विचारात पडते.

आरतीला बोलावलं तर जा, मागे आदरानं उभे राहा, हात जोडायचे नसतील तर नका जोडू, कोणी विचारलं तर दोन वाक्यात सांगा. सासर-माहेरची गोष्ट असेल तर खाली मिश्र घराच्या प्रश्नात बघा.

मंडळाची पोरं वर्गणी मागायला येतात. द्यायची?

माझं मत, मूर्ती-पूजेसाठी नाही पण रक्तदान, वह्या वाटप, रस्त्यावरचे दिवे ह्यासाठी जरूर द्या आणि तसं त्यांना सांगून द्या. बहुतेक पोरांना ह्यात काही वावगं वाटत नाही. वाद होण्यासारखी परिस्थिती असेल तर सोसायटीच्या चेअरमनकरवी द्या, पोरांशी दारात हुज्जत घालू नका.

"तुमच्या आजोबांनी गव्हासाठी धर्म बदलला" असं कॉलेजात तोंडावर म्हणतात. काय उत्तर द्यायचं?

हे फार लागतं मला माहीत आहे. पहिली गोष्ट, इतिहास नाकारू नका. अमेरिकन मिशनरी १८१३ मध्ये मुंबईला आले, १८३१ मध्ये नगरला, आणि पुढे १८७६ ते ७८ च्या मोठ्या दुष्काळाच्या सुमारास आपल्या भागात बरीच कुटुंबं ख्रिस्ती झाली. भुकेल्या माणसाला कोणी भाकरी दिली आणि तो त्या माणसाच्या देवाबद्दल विचारू लागला तर ह्यात लाज वाटण्यासारखं काय आहे? शिवाय ज्यांना गावच्या पाणवठ्यावर पाणी भरू देत नव्हते त्यांना एका बाकावर बसवून शिकवलं गेलं, त्यांच्या मुली शाळेत गेल्या. त्यांना काय मिळालं ह्याची यादी करायची तर गहू शेवटी येईल.

दुसरी गोष्ट, सगळे काही मिळावं म्हणून आले हेही खरं नाही. कोकणातल्या करजगावचे नारायण वामन टिळक, चित्पावन ब्राह्मण, कवी, त्यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांचं घरच मोडलं, लक्ष्मीबाई काही वर्षं त्यांच्यापासून वेगळ्या राहिल्या आणि १९०० मध्ये स्वतःच्या मनानं ख्रिस्ती झाल्या. पंडिता रमाबाई संस्कृतच्या विदुषी, १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला आणि त्याबद्दल जन्मभर टीका सोसली.

पण हे सगळं समोरच्यावर फेकून मारायला नाही सांगत. "आमच्या आजोबांना माणूस म्हणून वागवलं गेलं म्हणून ते गेले, आणि मी आज आहे ते माझ्या विश्वासानं आहे," एवढं शांतपणे म्हणा. जातीच्या दाखल्याचं विचारायचं असेल तर शेवटून दुसरा प्रश्न बघा.

कोणाला पैशाची, औषधाची मदत करताना येशूबद्दल सांगावं का?

नाही. ह्याच्यात मी अगदी ठाम आहे. समोरचा अडचणीत असताना त्याच्या हातात पैसे ठेवून पुढच्या वाक्यात चर्चला या म्हणणं म्हणजे त्याला नाही म्हणायची जागाच न ठेवणं, मग तो आला तरी तुमच्यासाठी आलेला नसतो आणि देवासाठीही नाही. उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये हे प्रभूचंच सांगणं आहे. मदत करा आणि घरी जा. सहा महिन्यांनी त्यानं स्वतः विचारलं की का केलंस, तर ते वेगळं.

आजारी माणसासाठी प्रार्थना करू का? एका प्रार्थना सभेत औषधं बंद करा म्हणतात.

प्रार्थना करा, आधी विचारून करा, "तुमच्यासाठी प्रार्थना केली तर चालेल का?" आणि नको म्हटलं तर घरी येऊन करा, देवाला पत्ता लागतो. हिंदू घरांतूनसुद्धा बहुतेक वेळा हो म्हणतात असा माझा अनुभव आहे.

औषध बंद करायला सांगणाऱ्यांचं ऐकू नका, कृपा करून ऐकू नका. आमच्या ओळखीतल्या एका बाईंनी असं ऐकून शुगरच्या गोळ्या सोडल्या आणि पायाची दोन बोटं गेली. ज्या लोकांनी आपल्याकडे सुवार्ता आणली त्यांनीच मिरजेला दवाखाना काढला, डॉक्टर वानलेस यांनी १८९४ मध्ये, प्रार्थनेनं सगळं भागतं असं वाटलं असतं तर कशाला काढला असता? लूक स्वतः वैद्य होता. "आता पूर्ण बरा होशील" असं वचन देवाच्या नावावर कोणालाही द्यायचा आपल्याला अधिकार नाही, आणि कायद्याच्या दृष्टीनंही ते अंगाशी येतं.

शेजारची मुलं संडे स्कूलला आणि नाताळच्या नाटकाला येतात. चालतं ना?

आईवडिलांना माहीत असेल आणि त्यांनी हो म्हटलं असेल तरच. मुलाच्या तोंडी निरोप नको, आईला स्वतः भेटून सांगा की आम्ही गाणी म्हणतो, बायबलमधल्या गोष्टी सांगतो, प्रार्थना करतो, आणि मध्येच मूल नको म्हणालं तर लगेच घरी सोडा.

ह्याच्यात रमाबाईंची गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं, नंतर पुण्याला आणलं, तिथे विधवा मुलींना शिकवताना धर्माच्या बाबतीत जबरदस्ती होणार नाही असं ठरलं होतं. रमाबाई स्वतःच्या खोलीत प्रार्थना करायच्या आणि दार उघडं असायचं, काही मुली आपण होऊन येऊन बसायला लागल्या. १८९३ मध्ये त्याच्यावरून पुण्यात मोठं वादळ झालं, सल्लागार मंडळातल्या मंडळींनी राजीनामे दिले, बऱ्याच पालकांनी मुली काढून नेल्या. मी रमाबाईंना फार मानते, स्वतःच्या घरात दार लावून प्रार्थना का करायची हे त्यांचं म्हणणं मला कळतं. पण मुलगी काढून नेणाऱ्या बापाची भीतीही मला कळते, कारण त्यानं विश्वासानं पाठवली होती. दुसऱ्याचं मूल आपल्या हाती असतं तेव्हा आपला हक्क किती आहे हे बघण्याआधी त्याच्या आईबापाला काय कबूल केलंय ते बघायचं, असं मी माझ्यापुरतं ठरवलंय.

कायद्यानं आपल्याला आपल्या विश्वासाबद्दल बोलता येतं का? पोलिस पकडतील का?

संविधानाचं कलम २५ सगळ्यांना आपला धर्म मानायचा, आचरायचा आणि त्याचा प्रसार करायचा हक्क देतं, सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य ह्यांच्या मर्यादेत. १९७७ मध्ये सुप्रीम कोर्टानं स्टॅनिस्लॉस खटल्यात स्पष्ट केलं की प्रसार म्हणजे आपली तत्त्वं समजावून सांगणं, दुसऱ्याचं धर्मांतर घडवून आणणं हा हक्क त्यात नाही. त्याशिवाय मध्य प्रदेश, गुजरात, उत्तर प्रदेश अशा राज्यांत जबरदस्ती, फसवणूक, आमिष ह्यांनी धर्मांतर करण्याविरुद्ध कायदे आहेत आणि आमिषाची व्याख्या तिथे बरीच मोठी आहे. हे कायदे बदलत असतात, तुम्ही ज्या राज्यात राहता तिथला आज काय आहे ते माहितगार वकिलाकडून समजून घ्या. आणि दुसऱ्याच्या देवाबद्दल मुद्दाम अपमानकारक बोलणं भारतीय न्याय संहितेच्या कलम २९९ खाली गुन्हा ठरू शकतो, तो नसता तरी आपण तसं बोलायचं नव्हतंच.

घरगुती प्रार्थना सभेला कोणी येऊन गोंधळ घातला तर हातापायी करू नका, दार उघडं ठेवा, कोण कोण आलंय आणि काय चाललंय ते सांगा, आणि मंडळीतल्या मोठ्यांना फोन करा.

मला मराठीतच बोलायला आवडतं पण यूथ ग्रुपमध्ये सगळी गाणी इंग्लिश-हिंदी. आपली काही परंपरा आहे का?

आहे आणि फार मोठी आहे! फादर थॉमस स्टीफन्स गोव्यात राहून मराठी ओवीत क्रिस्तपुराण लिहून गेले, १६१६ मध्ये छापलं. आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं टिळक म्हणायचे आणि त्यांची भजनं आजही उपासनेत टाळ-पेटीवर म्हणतात. रमाबाईंनी केडगावला बसून साध्या बायकांना कळेल अशा मराठीत अख्खं बायबल भाषांतर केलं. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० मध्ये धाराशिवच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. तर पुढच्या वेळी एक तरी भजन मराठी घ्या, पेटीवाले काका खुश होतील. इंग्लिश गाण्यांशी माझं भांडण नाही, पण आजीला कळलं पाहिजे ना आपण काय गातोय.

व्हॉट्सॲपवर रोज वचन फॉरवर्ड करते, लोक ग्रुप सोडतात.

सोसायटीच्या, शाळेच्या, ऑफिसच्या ग्रुपवर टाकू नका. ज्याला पाहिजे त्याला वेगळं पाठवा. "हे दहा जणांना पाठवा, आशीर्वाद येईल" हे तर बायबलमध्ये कुठेच नाही.

आमच्या चर्चमध्येच दोन गट, जमिनीवरून कोर्टात केस. बाहेरचे हसतात. मी कशी साक्ष देऊ?

ह्याचं सोपं उत्तर माझ्याकडे नाही. पौलानं पहिल्या करिंथकरात ६व्या अध्यायात हेच विचारलंय, भाऊ भावावर फिर्याद करतो आणि तीही बाहेरच्यांपुढे? आमच्याकडेही असं झालंय, एकाच बाकावर बसणारी दोन घरं एकमेकांना सलाम करत नाहीत. कोणी विचारलं तर झाकू नका, "हो, चुकतंय आमचं" म्हणा. आणि दुसऱ्या गटातल्या घरी कोणी वारलं तर जा, पहिल्या दिवशी जा, कोण काय म्हणेल बघू नका.

माझे मिस्टर हिंदू आहेत. घरात कसं वागायचं, मुलांचं काय?

१९५४ च्या स्पेशल मॅरेज ॲक्टखाली लग्न झालं असेल तर कोणीच धर्म बदललेला नसतो, तेव्हा तुमचा विश्वास तुमचा आणि त्यांचा त्यांचा. पहिल्या करिंथकर ७ मध्ये अशा घरांबद्दल लिहिलंय, तो सोबत राहायला राजी असेल तर सोडू नको. पेत्र म्हणतो नवरा शब्दांवाचून, वागण्यावरून जिंकला जाईल. म्हणजे उशाशी पत्रकं ठेवायची नाहीत. मुलांचं दोघांनी मूल व्हायच्या आधी बोलून ठरवा, सासूबाईंच्या समोर बारशाच्या दिवशी नको. मुलाला गुपचूप बाप्तिस्मा देऊ का असं तीन जणींनी विचारलंय. नाही, नवऱ्याला फसवून सुरुवात करू नका.

माझा विश्वास आहे पण घरच्यांमुळे बाप्तिस्मा घेऊ शकत नाही. आणि दाखल्याचं काय?

आधी विश्वासाचं. टिळकांनी १९१७ मध्ये देवाचा दरबार नावाचा गट सुरू केला त्यात बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले असे दोन्ही ख्रिस्तशिष्य घेतले होते, त्यावर तेव्हाही वाद झाला आणि आजही पाळकांची मतं वेगळी असतील. मी म्हणेन घाई करू नका, अठरा वर्षं पूर्ण नसतील तर मुळीच नाही, आणि आईवडिलांशी खोटं बोलून काही करू नका.

दाखल्याचं स्पष्ट सांगते. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंना, १९५६ पासून शिखांना आणि १९९० पासून बौद्धांना मिळतो, ख्रिस्ती झाल्यावर तो राहत नाही. महाराष्ट्रात अनुसूचित जातीतून ख्रिस्ती झालेल्यांची नोंद ओबीसीच्या यादीत आहे. हा अन्याय आहे असं मला वाटतं, चर्चमध्ये आल्यानं गावातली जात पुसली जात नाही. पण म्हणून रविवारी एक आणि फॉर्मवर दुसरं असं लिहायचं नाही. किती जणांच्या पोटावर येतं हे मला माहीत आहे, फी भरायला पैसे नसलेली पोरं समोर बसून विचारतात तेव्हा घशाशी येतं. तरी खरं तेच लिहा, आणि मंडळीनं अशा पोरांची फी उचलली पाहिजे, नुसतं "प्रार्थना करतो" म्हणून चालणार नाही.

मित्रानं सांगितलं ह्या विषयावर माझ्याशी बोलू नकोस. मैत्री तोडू का? का परत प्रयत्न करू?

दोन्ही नको. त्यानं नाही म्हटलं, विषय संपला, मैत्री संपली नाही. येशूचं न ऐकता निघून गेलेला श्रीमंत तरुण आठवा, मार्क म्हणतो येशूनं त्याच्याकडे पाहून त्याच्यावर प्रेम केलं, आणि जाऊ दिलं.

माझ्या शाळेतल्या एका मैत्रिणीनं मला पहिल्याच वर्षी असं सांगितलं होतं. वीस वर्षं आम्ही एकत्र डबा खाल्ला, मी एक शब्द काढला नाही. तिची आई गेली त्या रात्री दवाखान्याच्या पायरीवर बसलेलो, ती म्हणाली तुमच्यात अशा वेळी काय वाचतात? मी मोबाईलवर तेविसावं स्तोत्र काढून वाचलं, हळूच, सहाच ओळी. तिनं ऐकलं आणि म्हणाली चहा घेऊ. त्यानंतर तिनं परत कधी विचारलं नाही, मीही नाही. गुरुवारी आम्ही बाजारला बरोबर जातो, मेथी तिला चांगली निवडता येते.